'चालतंय की' वही: ल्युकेमियाची ट्रीटमेंट चालू असताना पोराचे दिवस बरे कसे घालवायचे

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला, त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला नुकतंच ए.एल.एल. निघालंय, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, लहान मुलांच्यात हाच जास्त असतो. रडत रडत एकच विचारत होत्या की ताई आता हिला काय काय द्यायचं नाही, काय काय करू द्यायचं नाही ते सांगा. मी म्हटलं, ते तुम्हाला अख्खी गल्ली सांगणार आहे, मी काय चालतंय ते सांगते. तासभर बोललो आणि मग वाटलं हे लिहूनच काढावं.

आमच्या बारक्याला पाचव्या वर्षी निघालं. सुरुवातीचे महिने मुंबईत, मग बरंचसं इथं कोल्हापुरात, सगळं मिळून अडीच वर्षं. औषध कुठलं, डोस किती हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण औषध पाच मिनिटांत जातं आणि दिवस चोवीस तासांचा असतो, तो पोराला घालवायचा असतो, आणि त्याबद्दल कोण काही सांगत नाही.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. वॉर्डात बारक्यानं विचारलं, "आई, भजी चालतील काय गं?" मी सवयीनं नको म्हणून मोकळी झाले. राऊंडला आलेले डॉक्टर थांबले आणि म्हणाले, बाहेरची नको, पण घरी तळलेली, गरम गरम दोन दिली तर काय बिघडतंय? मला त्या दिवशी कळलं की मी डॉक्टरांच्या नावावर स्वतःच नको म्हणत सुटले होते. मग एक दोनशेपानी वही केली. पुढून सीबीसीचे, म्हणजे रक्ततपासणीचे आकडे, तारखा, औषधं. मागून उलटी करून 'चालतंय की'. पोराला जे जे करावंसं वाटतंय ते त्यात लिहायचं, आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना त्यानंच विचारायचं, मी नाही. मला विचाराल तर अख्ख्या ट्रीटमेंटमध्ये आम्ही केलेलं सगळ्यात शहाणं काम हेच. तुम्हीही आजच करा, फोनमध्ये नको, कागदाचीच, कारण पोराला त्यावर चित्रं काढता येतात.

डॉक्टरांचं उत्तर बहुतेक वेळा नुसतं हो किंवा नाही नसतं, अट असते. अट नीट लिहून घ्यायची. आमचा सगळ्यात गाजलेला प्रश्न म्हणजे दूध कट्टा. आजोबा त्याला आधी गंगावेशीत घेऊन जायचे, म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळ ग्लास हातात, तुम्हाला माहितीच आहे. कच्चं दूध म्हटल्यावर डॉक्टर एकदम सरळ नाही म्हणाले, केमोत पांढऱ्या पेशी खाली असतात, न तापवलेल्या दुधातले जंतू अंगावर येऊ शकतात. पण पुढं म्हणाले, काउंट, म्हणजे त्या पेशींचा आकडा, बरा असेल तेव्हा गर्दी नसताना लांबून म्हशी बघायला जा की. मग आम्ही घरून उकळून गार केलेलं दूध थर्मासमधून न्यायचो आणि त्याच्याच स्टीलच्या ग्लासात उंचावरून ओतून फेस काढायचो. आजोबा कट्ट्यावरचं पिणार, हा थर्मासचं. मिशी दोघांना सारखीच यायची.

खाण्याचं तेच. आमच्या भागात पोराला चव लागते ती तिखटाची, आणि केमोत तोंड आलं की वरण-भातसुद्धा झोंबतो. अशा वेळी मटणाचं अळणी कामाला आलं, म्हणजे मसाला पडायच्या आधी काढून घेतलेलं हळद-मिठाचं पाणी, आपल्याकडं लहान पोरांना आणि बाळंतिणीला देतात तेच. कोमट करून वाटीत, भात कुस्करून. मटण पूर्ण शिजलेलं पाहिजे, आणि केल्या केल्या द्यायचं, सकाळचं संध्याकाळी नको. फळं सोलून खायची, केळं, मोसंबी वगैरे, कापून ठेवलेली गाड्यावरची नकोत, उसाचा रस आणि गाड्यावरचा बर्फ तर नकोच. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गुळण्या खाल्ल्यावर प्रत्येक वेळी, हे कंटाळवाणं आहे पण यावर पुढचे चार दिवस अवलंबून असतात. चमच्याची सक्ती करू नका. एकदा मी जबरदस्तीनं भरवलं आणि त्यानं सगळं उलटून काढलं, वर पुढचे दोन आठवडे मला बघितलं की तोंड मिटायचा. उलटीचं औषध केमोच्या आधी द्यायचं असतं, ते वेळेवर दिलं की निम्मी भांडणं मिटतात. आणि आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी देऊ नका, त्याचा वास आणि मळमळ डोक्यात जोडले जातात, आमच्या बारक्याचा शिरा असाच कायमचा गेला.

आता स्टिरॉइड. याबद्दल मला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर मी कमी रडले असते. पहिल्या महिन्यात स्टिरॉइड रोज असतं, नंतर काही प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ठरलेल्या औषधांच्या वेळापत्रकात, महिन्यातले पाच-पाच दिवस. त्या दिवसांत तुमचं पोर तुमचं राहत नाही. रात्री दोनला उठून पोहे मागणार, पोहे झाले की पोहे का केलेस म्हणून ताट ढकलणार, मग त्याच ताटासाठी रडणार. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, झोप लागत नाही. हे औषध बोलतंय, पोरगं नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, सासूबाईंना तर दोनदा. आम्ही काय केलं तर रात्रीचा एक डबा ठरवला, त्यात कमी मिठाचे फुटाणे, घरचा पातळ पोह्यांचा चिवडा, उकडलेला बटाटा. भडंगाचा हट्ट असतो पण मीठ जास्त गेलं की सूज आणि बीपी वाढतं, म्हणून मी घरीच कमी मिठाचं, लसूण परतून, तिखट नावापुरतं करायचे. रात्री दोनला वाद घालायचा नाही, डबा पुढं करायचा. त्या दिवसांत पाहुणे, शाळेचा अभ्यास, नवीन काही शिकवणं, सगळं बंद. नातेवाईक मात्र नेमके तेव्हाच येतात आणि म्हणतात, बघा की, तब्येत सुधारली, गुटगुटीत झालंय.

केस गेल्यावर काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना असतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, उशीवर पुंजके दिसले की पोर घाबरतं. आम्ही त्याच्या आधीच न्हावीदादांना घरी बोलावलं, मशीन स्वच्छ पुसून घ्यायला सांगितलं, वस्तरा नको म्हटलं कारण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना साधा काप पण थांबत नाही. मामानं त्याला तालमीतल्या पोरांचे फोटो दाखवले, बारीक केस, जाड मान. गोल चेहरा होताच. झालं, आमचा पैलवान तयार. पुढचे सहा महिने तो ओळखपाळख नसलेल्यांना सुद्धा दंड दाखवत होता. मुलगी असेल तर वेगळं काही सुचेल, टोपी, रुमाल, तिलाच रंग निवडू द्या, पण गळायच्या आधी बोला, नंतर नको.

सुईचं. खोटं बोलू नका. "काही दुखणार नाही" असं एकदा म्हटलं की पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही, आणि पुढच्या वेळा खूप असतात. आम्ही म्हणायचो, मुंगी चावल्यासारखं होईल, तू दहा मोजेपर्यंत. हातावर बधिर करायचं क्रीम मिळतं, साधारण तासभर आधी लावायला लागतं, डॉक्टरांना त्याबद्दल स्वतःहून विचारा. पाठीतल्या इंजेक्शनला आणि बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मगजाच्या, तपासणीला झोपेचं औषध किंवा भूल देता येते का तेही विचारा, देत असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते लिहून घ्या. एका ठिकाणी आम्हाला "पोराला धरून ठेवा, एक मिनिटाचं काम आहे" असं सांगितलं होतं, मी धरलं, आणि ते मिनिट मला अजून आठवतं. पुढच्या वेळेपासून मी विचारायला लागले. सुईच्या वेळी त्याच्याकडं एक निवड ठेवायची: डावा हात की उजवा, मांडीवर की पलंगावर, बघायचं की तोंड फिरवायचं. सुई टाळणं त्याच्या हातात नसतं, निदान एवढं असू द्या. साबणाचे फुगे फुंकायला दिले की श्वास लांब होतो आणि हात सैल पडतो, हे एका सिस्टरांनी शिकवलं, फार उपयोगाचं.

आजाराचं नाव त्याला सांगायचं का? आम्ही सांगितलं. नाही सांगितलं तर पोरं स्वतःच काहीतरी जुळवतात. आमच्याला वाटत होतं की त्यानं ताईच्या डब्यातला लाडू चोरून खाल्ला म्हणून हे झालं, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. एवढ्या लहान पोराला एवढंच पुरतं: तुझ्या हाडांच्या आत रक्त तयार होतं, तिथं चुकीच्या पेशी गर्दी करायला लागल्यात, औषध त्यांना काढतंय, तुझ्यामुळं झालं नाही, कुणाला लागत पण नाही.

पाय दुखणं आणि बद्धकोष्ठ, ही दोन्ही बहुतेक व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाची देणगी. शौचाला कडक होत असेल तर दोन दिवसांतच सांगा, चार दिवस वाट बघू नका, सिरप देतात. घरी एनिमा किंवा खालून कसलंही औषध अजिबात देऊ नका, तिथं जखम झाली तर इन्फेक्शन रक्तात जातं. पायाचं मला उशिरा लक्षात आलं. बारक्या चालताना पाऊल आपटायला लागला, पुढचा भाग उचलायचाच नाही, चप्पल घासायची. फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिले, टाचांवर चालणं, भिंतीला टेकून पोटरी ताणणं, पण पोरगं व्यायाम करतंय होय. कोल्हापूरचं पोर आहे, फुटबॉलवर करतंय. मऊ प्लास्टिकचा बॉल, घरातच, आजोबा गोलकीपर खुर्चीत बसून, आणि नियम असा की बॉल मारायच्या आधी टाचांवर पाच पावलं चालत यायचं. प्लेटलेट कमी असतील त्या आठवड्यात धक्काबुक्की, हेडिंग, सायकल बंद, तेव्हा नुसता पास. शाहू स्टेडियमवर न्यायचा हट्ट होता, पण त्या गर्दीत नाही म्हणाले डॉक्टर, मग मॅच मोबाईलवर आणि गॅलरीत हलगी.

आता एकच गोष्ट जिथं 'चालतंय की' चालत नाही. ताप. कपाळाला हात लावून ताप ठरवायचा नाही, डिजिटल थर्मामीटर काखेत. 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, किंवा तुमच्या डॉक्टरांनी जो आकडा दिला असेल तो, दिसला की निघायचं, रात्रीचे तीन असले तरी. आधी पॅरासिटामॉल देऊन बघू असं नाही, ताप उतरतो आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट 500 च्या खाली असताना हे काही तासांत बिघडू शकतं. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "ल्युकेमिया आहे, केमो चालू आहे, ताप आलाय." अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हायला पाहिजे. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा, फाईल, शेवटचा रिपोर्ट, चार्जर, एक जोड कपडे, त्याची चादर. आमच्या पिशवीत एक पत्त्यांचा कॅट कायम असायचा. थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा पोर एकदम सुस्त पडलं तर ताप नसला तरी जायचं.

घर बंद करून घेऊ नका पण. पहिले काही महिने आम्ही खिडक्या लावून बसलो होतो, पोरापेक्षा मलाच वेड लागायची वेळ आली. काउंट बरा असताना सकाळी लवकर रंकाळ्यावर, संध्याकाळी नाही. अंबाबाईला नवरात्रात नाही, पण एरवी मंगळवार-शुक्रवार सोडून दुपारी मास्क लावून मुखदर्शन घेऊन परत. जोतिबाच्या चैत्र यात्रेला अर्थात नाही, तो गुलाल आणि ती गर्दी. रंगपंचमीला सगळी गल्ली ओरडत असताना हा दारात रडत होता, म्हणून आम्ही जुनी चादर दोरीवर टांगली आणि ताईनं आणि त्यानं ब्रशनं ती रंगवली, लांबून, सेंट्रल लाईन, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, कोरडी ठेवून. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी आणि गोठ्याच्या उकिरड्याजवळ मात्र नको, धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते.

ताई म्हणजे आमची मोठी, तेव्हा नऊ वर्षांची. ती सगळ्यात शहाण्यासारखी वागली म्हणून आमचं तिच्याकडं सगळ्यात कमी लक्ष गेलं. एक दिवस शाळेतून निरोप आला की ती वर्गात पोट दुखतंय म्हणून रोज रडते, तपासलं तर काही नाही. मग आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठरवला, तिचे बाबा आणि ती, भेळ खायला. त्या तासात बारक्याचं नाव काढायचं नाही. भावंडांच्या लसीचं पण डॉक्टरांना विचारा, पोलिओ तोंडातून द्यायचा की इंजेक्शननं वगैरे, आणि घरात किंवा वर्गात कांजिण्या, गोवर निघाला तर त्याच दिवशी फोन करा. त्यावर वेळेत काही करता येतं, आठवड्यानं नाही.

शाळा. मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या चालू असतात तो शेवटचा लांब टप्पा, सुरू झाला की बहुतेक पोरं परत जाऊ शकतात, डॉक्टर कधी म्हणतात ते बघा आणि त्यांनी हो म्हटल्यावर तुम्ही अजून सहा महिने घाबरून घरी ठेवू नका, आम्ही दोन महिने ठेवला, उगाच. आधी बाईंना जाऊन भेटा. हे लागट नाही, हे वर्गात त्यांच्याच तोंडून येऊ द्या. पाण्याची बाटली वेगळी, मधल्या सुट्टीत दमला तर बसू द्या, पीटीला नाव कापू नका, स्कोअर लिहायला द्या. अभ्यासात थोडं मागं पडतं, लक्ष लागत नाही, औषधांचाही त्यात भाग असू शकतो, पाढे दोन दिवसांत नाही तर आठ दिवसांत होतील.

एक अवघड प्रसंग सगळ्यांच्या घरी येतो. पहिल्या महिन्यानंतर बहुतेकांचा रिपोर्ट चांगला येतो, रेमिशन म्हणतात, आणि मग कुणीतरी काका म्हणतात, नॉर्मल आलंय न्हवं, मग पोराला कशाला विष देताय, अमुक गावचं झाडपाला देऊ. दिसत नसलेल्या पेशी शिल्लक असतात म्हणून तर दोन-अडीच वर्षं औषध चालतं, मध्ये सोडलं की आजार परत येतो आणि तेव्हा जास्त अवघड असतो. आम्ही अंगारा घेतला, कपाळाला लावला, कुणाचं मन मोडलं नाही. पोटात जाणारं काहीही, पपईच्या पानाचा रस, गुळवेल, काढा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मेंटेनन्सच्या रोजच्या गोळ्या चुकवू नका, शंभरातले पाच डोस चुकले तरी धोका वाढतो असं अभ्यासात दिसलंय. कॅलेंडरवर बारक्याच फुली मारायचा, रात्री ठरलेल्या वेळी. मेथोट्रेक्सेट ही गोळी मात्र आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हा वार मोठ्या लाल अक्षरात लिहा, घरात गोळ्या देणारे दोघं असले की घोळ होतो.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी थोडं. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी पडते, पोर झोपून जातं. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री टिअर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्या. राहायचं काय हे हॉस्पिटलच्या सोशल वर्करना पहिल्याच दिवशी विचारा, सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं अशा कुटुंबांना मोफत ठेवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तिथंच विचारा, लाजू नका. आणि कोल्हापूरकरांनी पावसाळ्यात गोळ्यांचा किमान पंधरा दिवसांचा साठा घरात ठेवायचाच. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा आली आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा इकडची गाडी इकडं आणि तिकडची तिकडं. ताप आला तर पाण्याच्या अलीकडं कुठं जायचं हे जूनमध्येच ठरवून ठेवा.

तुमचं स्वतःचं: रात्रपाळी वाटून घ्या. मी चार महिने कुणाला देत नव्हते, मग एकदा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. त्यानंतर शनिवारची रात्र आत्याची. तिनं त्याला कुठले गाणे म्हणून झोपवलं मला माहीत नाही पण तो झोपायचा.

बारक्याची ट्रीटमेंट संपून आठ महिने झाले, अजून तपासणीला जातो. वही संपत आलीय. मागच्या व्हिजिटला त्यानं पान उघडलं, चष्मा नीट केला आणि परत तोच प्रश्न: "डॉक्टर, आता तरी कट्ट्यावरचं दूध चालतंय काय?"

"उकळलेलंच बरं."

"तुम्ही कधी प्यालाय काय?"

डॉक्टर जरा थांबले. "शाळेत असताना," म्हणाले, "रोज."

बारक्यानं ते पण लिहून घेतलं.